आप्पाआजाच्या रिळांची चांदी

हे खरं आहे.

पटत नसेल तर इथंच थांबा, पण पुढं वाचून मला शहाणपण शिकवू नका. माझी सत्तरी कधीच उलटली. आता खोटं बोलून मला कुठं निवडून यायचंय?

भुतं रात्री येतात म्हणे. येत असतील तुमच्याकडं! आमच्याकडं जे आलं ते भर दुपारी आलं. डोक्यावर ऊन असताना आणि समोर बायांची रांग उभी असताना.

साल त्र्याहत्तर. बहात्तरला पावसानं दगा दिला, त्याच्या पुढचा उन्हाळा. गाव आष्टी तालुक्यातलं. नाव सांगणार नाही, तिथं अजून माझे भाऊबंद नांदतात.

आणि जागा... गावच्या सोसायटीचं गोदाम.

मी सिंधू. तेव्हा माझं लग्न झालं होतं, पण धाकट्या बहिणीच्या, मुक्ताच्या लग्नासाठी माहेरी आले होते. आमचे वडील सर्जेराव, त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दादा सोसायटीचे चेअरमन. गोदामाची चावी कायम त्यांच्या कमरेला.

आणि आमच्या घरात एक म्हातारा होता. आप्पाराव. दादांचा सख्खा चुलता. आमचा आप्पाआजा.

हा माणूस कोण होता ते आधी सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आप्पाआजा तरणा असताना नारायणगडाच्या जत्रेत बायस्कोप बघायला गेला आणि त्या बायस्कोपवाल्याच्या मागंच निघून गेला. घरच्यांनी शोधशोध शोधला. हा गडी पुण्याला! तिथं एका कंपनीत क्यामेऱ्याचे तीन पाय खांद्यावर वाहून वाहून काम शिकला. कितीतरी वर्षांनी परत आला तो स्वतःचा क्यामेरा घेऊन. बाजूला हँडल असलेला, हातानं फिरवायचा.

निजामाचं राज्य. आमच्या गावात तोवर कुणी धड चित्रपट बघितला नव्हता, आणि हा म्हणतो, मी काढणार!

काढले की. चांगले चार काढले. मुके चित्रपट. आवाज नाहीच त्यात. त्यामुळं देवाच्या वेषातले गडी एकमेकांना म्हशीच्या व्यवहारावरून शिव्या द्यायचे, आणि पडद्यावर लोकांना वाटायचं, वा, काय भक्ती आहे! आप्पाआजा हे सांगताना हसून हसून खोकायचा.

दिवे नव्हते. ऊन हाच दिवा. म्हणून त्याचं सगळं काम भर दुपारचं. ऊन माथ्यावर आलं की तो हँडल धरायचा.

कर्र... कर्र... कर्र...

हुकूम एकच. "हँडल फिरतंय तवर कुणी माज्याकडं वळून बघायचं न्हाई."

बायांची कामं पुरुषच करायचे. आमच्याकडचा मेंढरं राखणारा सुग्रीव मिशी काढून सीता झाला, तर त्याची बायको त्याला घरात घेईना.

मग आप्पाआजानं दुष्काळाचं एक चित्र काढायला घेतलं. त्यात एक सून होती, शेवटचं मूठभर धान्य जात्यावर दळणारी. सुग्रीवाला काही ते दळण जमेना. खुंटा धरला की नांगर धरल्यासारखा.

तेव्हा आप्पाआजाची थोरली भावजय पुढं आली.

"भावजी, सरका. मी बसते जात्यावर. मला काय, रोजचंच हाय."

भिमाबाई. दादांची आई. म्हणजे माझी आजी.

ते चित्र घाटनांदूरपर्यंत गावोगाव दाखवलं. लोक ढसाढसा रडले म्हणे. आणि घरी येऊन तेच लोक बोलायला लागले... घरंदाज बाई, आणि पडद्यावर? परक्यांनी बघायला?

पुढच्याच वर्षी आजी पटकीच्या साथीत गेली. दादा तेव्हा रांगत होते.

आजीचा फोटो नाही, काही नाही. तिचं तोंड त्या एका रिळात होतं फक्त.

दादा मोठे झाले ते टोमणे खात. शाळेत, पारावर, लग्नाच्या पंगतीत. "बायस्कोपवालीचं पोरगं." आप्पाआजा दर वर्षी त्यांना म्हणायचा, "सर्ज्या, एकदा बघ रं तुजी माय. पडदा लावतो." दादा थुंकून उठून जायचे. आईचा त्यांना राग होता. न बघितलेल्या आईचा. माणसाचं डोकं कसं चालतं ते देवालाच ठाऊक.

पुढं बोलपट आले. चित्रं बोलायला लागली आणि आप्पाआजा गप्प झाला. क्यामेरा विकला, रिळांचे डबे तेवढे घेऊन कायमचा गावात येऊन राहिला. त्या जुन्या रिळांना उन्हाळ्यात आपोआप आग लागते, म्हणून डबे थंड जागी ठेवावे लागायचे. सोसायटीचं गोदाम दगडी होतं. दादांच्या आधीच्या चेअरमननं मागच्या कोपऱ्यात जागा दिली. आप्पाआजा उन्हाळाभर त्या डब्यांवर ओलं पोतं टाकायचा.

आणि मग आला तो दुष्काळ.

विहिरी खडखडीत. दोन दिवसांआड टँकर. बाया खडी फोडून हातांची सालटी काढायच्या आणि घोटभर पाण्यासाठी भांडायच्या. आणि आमचा आप्पाआजा... त्याच्या वाटणीचं तांब्याभर पाणी न पिता नेऊन त्या पोत्यावर ओतायचा.

एकदा दादांनी बघितलं. मग काय विचारता!

"मानसं पान्यावाचून मरायलेत अन् तुमी डब्यांना पाजायलात व्हय?"

"माज्या वाटनीचं हाय. मी तहानेला राहिलो तर तुला कावून दुखतंय?"

"लोक मला शेण घालायलेत तोंडात!"

"घालू दे. तुज्या मायला ऊन लागतंय."

हे ऐकलं आणि दादा काळेठिक्कर पडले.

त्याच आठवड्यात निरोप आला, सरकारी मिलो येतेय. लाल मिलो ज्वारी, तेव्हा तीच खाऊन जगलो सगळे. गोदाम रिकामं करा. दादांना कारण मिळालं. आणि सोनाराच्या राखेतून चांदी काढणारा बंकट तेव्हा गावातच मुक्कामाला होता. तो म्हणाला, "चेरमनसाब, त्या रिळांत चांदी असती. जाळली की राखंतून निघती. पोरीचं लगीन हाय ना?"

कोरड्या नदीत खड्डा केला. भर दुपारी डबे उघडले आणि दादांनी स्वतःच्या हातानं काडी लावली.

मी काठावर उभी होते. मुक्ता माझ्या शेजारी.

जाळ उठला तो माणसाच्या दुप्पट. बंकट घाबरून मागं पडला.

पण...

आवाज नाही.

एवढा मोठा जाळ, आणि साधं फुरफुरणं नाही. नदीत वारा होता, पलीकडं बाया खडी फोडत होत्या, त्यातलं काहीच ऐकू येईना. मी मुक्ताचा दंड धरला. तिनं माझ्याकडं बघितलं. तिलाही येत नव्हतं.

तेवढ्यात आप्पाआजा पळत आला. अनवाणी, धोतर सुटलेलं. तोंड उघडून तो ओरडत होता, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या.

ओरडत होता... आणि ऐकू काहीच येत नव्हतं.

जाळ बसला तसे बाकीचे आवाज परत आले. खडीचे हातोडे, कावळे, बंकटचा खोकला. आप्पाआजाचा आवाज मात्र आला नाही. त्या दिवसापासून त्याचे ओठ हलायचे, बस्स.

लोक म्हणाले, धक्क्यानं वाचा गेली. असेल.

मग तो रोज दुपारी ओसरीवर बसायचा. दादा जेवायला बसले की त्यांच्याकडं टक लावायचा. डावा डोळा मिटायचा. आणि उजवा हात हवेत गोल गोल फिरवायचा. सावकाश. एकसारखा.

दादा ओरडायचे, "ते हात फिरवायचं बंद करा!"

तो थांबायचा नाही. अन्नपाणी सोडलं त्यानं. आणि असाच एके दुपारी, हात फिरवता फिरवता भिंतीला टेकला आणि गेला. दादांनी मेलेल्या माणसाचा हात दाबून खाली केला तेव्हा मी तिथंच होते.

सुतक संपल्यावर मुक्ताचं लग्न झालं. साधंच. पाहुण्यांना पिण्यापुरतं पाणी सोसायटीच्या टँकरनं आणलं. बंकटनं त्या राखेतून काढलेल्या चांदीची जोडवी केली होती. मी दादांना म्हटलं होतं, "दादा, ही चांदी तिच्या पायात नका घालू." तर म्हणाले, "तू आपलं पोळ्यांचं बघ." माझं कधी कुणी ऐकलंय का!

बंकटनं मुक्ताच्या बोटांत जोडवी चढवली. वाजंत्री जोरात वाजत होती.

दुसरं जोडवं बोटात बसलं... आणि वाजंत्री बंद पडली.

म्हणजे वाजवणारे वाजवत होते हो! सनईवाल्याचे गाल फुगलेले, ढोलावर काठी पडतेय. पण आवाज नाही.

फक्त एकच आवाज. कुठून तरी मागून...

कर्र... कर्र... कर्र...

मी दादांकडं बघितलं. दादांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. त्यांनाही ऐकू येत होतं.

क्षणभरच. मग सनई परत सुरू. कुणाला काही कळलंही नाही.

लग्नानंतर मुक्ता मांडवपरतणीला माहेरी आली. ही पोरगी म्हणजे घरातलं चैतन्य. नकला करायची. आप्पाआजासमोर त्याच्याच मुक्या चित्रांच्या नकला करायची, हातवारे, डोळे मोठे करणं, छाती बडवणं. अख्ख्या गावाला हसवायची. म्हाताऱ्याची सगळ्यात लाडकी.

तर ही मुक्ता दुपारी माझ्याजवळ बसून सासरचं काहीबाही सांगत होती, आणि मधेच...

ओठ हलतायत, आवाज नाही.

मला वाटलं नक्कल करतेय. मी हसले. मग तिचे डोळे बघितले आणि माझं हसू गेलं. तिनं गळा धरला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं.

ऊन उतरलं तसा आवाज आला. "आक्का," ती म्हणाली, "मला आप्पाआजाचं हँडल ऐकू येतंय गं."

दुसऱ्या दिवशी तेच. ऊन डोक्यावर आलं की मुक्ता मुकी.

मी सरळ आमच्या मायला सांगितलं, हिची जोडवी काढा. माय अंगावर आली. "सवाष्णीनं जोडवी काढायची? जावई जित्ता हाय माजा! तोंडाला काय हाड हाय का न्हाई तुज्या?"

"मग दुसरी घाला अन् ही काढा!"

मी तेल लावलं, साबण लावला. निघेनात. बोटं सुजून लाल झाली. मुक्ता ओठ चावून बसली होती. तेवढ्यात दादा आले.

"हात काढ."

मी पण त्यांचीच लेक. मी उभी राहिले आणि तोंडावर बोलले, "दादा, ह्या चांदीत तुमच्या आईचं तोंड होतं. ते वितळवून तुम्ही पायात घातलंय."

मला वाटलं, मारतील. मारलं नाही. हळूच बोलले.

"तिची जागा पायातच हाय."

हे बोलले आणि...

कर्र.

एकदाच. अगदी आमच्या मधोमध.

मुक्तानं दोन्ही कानांवर हात ठेवले.

दुसऱ्या दिवशी गोदामावर मिलोचं वाटप होतं. दादा दारात काटा लावून बसले होते. तोंड बाहेर रांगेकडं, पाठ आत गोदामाकडं. आत पोत्यांची थप्पी पार आढ्यापर्यंत लागलेली. मी घरी होते. मायनं मुक्ताजवळ दादांची भाकरी दिली. पुढं रांगेत एवढ्या बाया, नवी नवरी लाजली असेल, ती मागच्या दारानं आत गेली. ते दार उघडतं कुठं माहितीय? आप्पाआजाचे डबे असायचे त्या कोपऱ्यात.

पुढचं मी बघितलेलं नाही. रांगेतल्या बायांनी बघितलं. सगळ्यांनीच बघितलं, हेच तर वाईट आहे.

रांगेत पुढं होती भिवराबाई. आमच्या शेजारची, वयानं मोठी बाई. ती सांगायची ते सांगते.

दादांच्या खांद्यावरून आत अंधार दिसत होता. पत्र्याला एक भोक होतं, त्यातून उन्हाचा झोत खाली पडला होता. त्या झोतात मुक्ता दिसली. कमरेपासून खाली ती घसरलेल्या पोत्यांत गाडली होती, पण ते बायांना कळलं नाही. ती हात हलवत होती. तोंड मोठं उघडत होती, डोळे विस्फारत होती, छाती बडवत होती.

आणि आवाज अजिबात नव्हता.

"मला वाटलं पोरगी चेष्टा करायली," भिवराबाई म्हणायची. "नेहमीवानी नक्कल करायली. मी हासले गं. मागच्या बाया बी हासल्या. मी तिला हात केला."

रांगभर बाया त्या उजेडाच्या झोतात बघत उभ्या होत्या. आप्पाआजाच्या पडद्यासमोर लोक उभे राहायचे तशा.

एकटे दादा बघत नव्हते.

त्यांच्या हातातला काटा थांबला होता. मान ताठ. कपाळावरून घाम चाललेला. नंतर त्यांनी मला स्वतः सांगितलं. त्यांना मागून हँडल ऐकू येत होतं. अगदी पाठीशी. कर्र... कर्र... आणि भीतीनं ते मागं वळले नाहीत.

पाच-सहा हातांवर लेक होती हो. वळायचंच होतं नुसतं.

मग वरची थप्पी हलली. भिवराबाईला दिसली. पोती खाली आली, एकावर एक, आणि धूळ उडाली. तरी आवाज नाही.

हँडल थांबलं.

आणि मग आवाज आला... सगळा एकदम. पोती आदळल्याचा, बायांच्या हसण्याचा. आणि त्यात मुक्ताची किंकाळी.

"दादाऽऽऽ!"

ती मी घरात ऐकली. चूल सोडून पळत सुटले. पण तुम्ही समजून घ्या मी काय सांगतेय ते. ती किंकाळी ऐकू आली तेव्हा मुक्ता पोत्यांखाली पुरती गेली होती. तिचं ओरडून कधीच झालं होतं. आवाज मागाहून आला.

गड्यांनी पोती उपसली. मी तिचे पाय आधी बघितले. बोटं मोकळी. तेला-साबणानं न निघालेली जोडवी पायात नव्हती. मिलोचा दाणा न् दाणा चाळला नंतर. नाही सापडली.

मला राग येतो. आजही येतो. दादांनी पाप केलं, मान्य. मग दादांना घ्यायचं होतं! त्या पोरीनं काय केलं होतं? म्हाताऱ्याच्या पायाशी बसून त्याच्या गोष्टी ऐकणारी घरात ती एकटीच होती. सूडच घ्यायचा तर माणूस बघून घ्यावा की. पण नाही. दादांना जिथं लागेल तिथंच नेमकं मारलं. आणि बापाला आयुष्यभर जिवंत ठेवलं.

मुक्ताच्या तेराव्याला भिवराबाई आली. जेवली नाही. दादांसमोर बसली आणि म्हणाली, "एक बोलायचं ऱ्हायलंय, सर्जेराव."

ती म्हणाली, मुक्ता तिथं एकटी नव्हती.

तिच्याजवळ एक बाई उकिडवी बसली होती. जुन्या वळणाचं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. "पर कुंकू लाल नव्हतं. काळं होतं. लुगड्याला बी रंग नव्हता. सगळं आपलं काळं-पांढरं." त्या बाईनं मुक्ताचा एक हात दोन्ही हातांनी धरला होता. जात्याचा खुंटा धरावा तसा, घट्ट.

माय तोंडाला पदर लावून आत गेली.

दादा पुढं सरकले. मग अगदी लहान पोरासारखं विचारलं, "दिसायला कशी होती?"

भिवराबाई उठली. दारापर्यंत गेली.

"तुमी मागं वळून बघायचं व्हतं की."

दादा त्यानंतर लई वर्षं जगले. गोदामाची चावी दुसऱ्या दिवशीच देऊन टाकली. कायम भिंतीला पाठ लावून बसायचे. दादा गेले, माय गेली, भिवराबाईही गेली.

मी राहिलेय, आणि माझ्या डोक्यात हे एकच फिरतं. ती माझी आजी होती. मुक्ताचीही आजी होती. नातीला पोत्यांतून बाहेर ओढत असेल. ओढतच असणार. मी रोज स्वतःला हेच सांगते.

पण मग मुक्ता दुसरा हात तिला का देत नव्हती? तो हात ती सारखा बाहेर करत होती, दादांच्या पाठीकडं.